अकीकाला ‘साधा खडा’ म्हणू नये

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत लग्नसराईच्या दागिन्यांवर जो लेख आला, त्यात हिरे, पाचू आणि मोती यांना ऐसपैस जागा मिळाली, आणि अकीक (इंग्रजीत ‘अ‍ॅगेट’) या पट्टेदार दगडाची बोळवण मात्र ‘स्वस्तातले साधे खडे’ या तीन शब्दांत झाली. मुंबई-पुण्याच्या वृत्तपत्राने असे लिहिले असते तर मी मनावर घेतले नसते. पण खंभात आपल्या वडोदऱ्याहून दीड-दोन तासांच्या वाटेवर आहे आणि ‘खंभातचा अकीक’ भौगोलिक मानांकन मिळालेली वस्तू आहे, म्हणून हे पत्र.

अकीक स्वस्त आहे हे खरे, पण तो साधा नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हारस पसरला, त्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या आणि त्यांत झिरपणाऱ्या पाण्यातील सिलिका (वाळूतला मुख्य घटक) थरावर थर साचत गेली. हे थरच आपल्याला कापलेल्या अकीकात पट्ट्यांच्या रूपाने दिसतात. म्हणूनच दोन अकीक कधी तंतोतंत सारखे निघत नाहीत. कानांतल्या जोडासाठी एकच गोटा मधोमध कापून त्याचे दोन समोरासमोरचे काप घेतले, तर कुठे नक्षी जवळपास जुळते. हिऱ्याचा भाव त्याच्या निर्दोषपणावर ठरतो. अकीकात मात्र ज्याला एरवी डाग म्हणावे तेच सौंदर्य असते, आणि मला तरी हे रोजच्या दागिन्यासाठी अधिक माणुसकीचे वाटते. शिवाय कठिणतेच्या एक ते दहा अशा मापावर तो साडेसहा ते सातच्या घरात बसतो. पोवळे जेमतेम साडेतीन-चारवर आणि मोती त्याच्याच आसपास, त्यामुळे ओरखड्यांपासून मोत्याला जसे जपावे लागते तसे अकीकाला लागत नाही. माझ्या सासूबाईंची तांबड्या अकीकाची माळ आज मी वापरते. दोरा तीनदा बदलला, मण्यांची झिलई तशीच आहे.

हा तांबडा रंग बहुधा माणसाने आणलेला असतो, आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही. भडोच जिल्ह्यात रतनपूरजवळ, कातळ झिजून साचलेल्या जुन्या गोट्यांच्या थरांतून कच्चा दगड काढतात. तो आधी उन्हात वाळवतात आणि मग मातीच्या भांड्यांत मंद धगीवर तापवतात, म्हणजे त्यातील लोहाच्या संयुगातले पाणी उडून मळकट पिवळ्याचा लालसर होतो. पुढे जमिनीत तिरप्या रोवलेल्या लोखंडी सळईच्या टोकावर दगड टेकवून शिंगाच्या हातोडीने त्याच्या ढलप्या काढायच्या, आणि हिऱ्याची कणी बसवलेल्या गिरमिटाने दोन्ही बाजूंनी भोक पाडत मध्यावर मिळवायचे, ही तेथील जुनी रीत. आपल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पुरातत्त्वज्ञ कुलदीप भान यांनी जोनाथन मार्क केनोयर आणि मास्सिमो विदाले यांच्यासह या कारागिरांच्या कामाचा अभ्यास केला, तो हडप्पाकालीन मणी कसे घडत असतील हे समजून घेण्यासाठी. गुजरातेतील लोथल या हडप्पाकालीन नगरात मण्यांचा कारखाना सापडला आहे, आणि सिंधू संस्कृतीतील लाल मणी थेट इराकमधील उर येथील राजघराण्याच्या थडग्यांत निघाले आहेत. आपल्या मराठी वाचकांना हेही आवडेल, की इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात असे पट्टेदार दगड पैठणहून गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला येत असल्याची नोंद आहे.

आता तक्रारीचे. गेल्या वर्षी मी एका दुकानातून गर्द गुलाबी अकीकाच्या कुड्या घेतल्या. ‘रंग जन्मजात आहे’ असे शपथेवर सांगण्यात आले आणि एका उन्हाळ्यात त्या फिकट पडल्या. अकीकाचे काही थर सच्छिद्र असतात व काही दाट, त्यामुळे रंगवला तरी पट्टे उठून दिसतात आणि गिऱ्हाईक सहज फसते. भडक गुलाबी किंवा जांभळा अकीक बहुधा रंगवलेलाच असतो. काळ्याभोर खड्यासाठीही साखरेच्या पाकात मुरवून तेजाबाने ती साखर जाळण्याची युक्ती फार जुनी आहे. गोमेद आणि अकीक यांचाही घोळ होतो. काही कोशांत दोन्ही एकच दिले आहेत, पण राहूसाठी अंगठीत घालतात तो गोमेद गार्नेट जातीचा, अकीकाशी त्याचे नातेच नाही.

आणखी एक गोष्ट त्या लेखात यायला हवी होती. झिलईसाठी दगड घासताना उडणारी बारीक सिलिका फुप्फुसात बसते. त्यातून होणाऱ्या सिलिकोसिसवर बरे करणारे औषध नाही, आणि खंभात व जवळच्या शकरपूरमधील पुष्कळ कुटुंबांनी त्यात कर्ती माणसे गमावली आहेत. पाणी सोडून घासणे आणि धूळ ओढून घेणारे यंत्र बसवणे हे उपाय ठाऊक असलेले आहेत, पण हे काम बरेचसे घराघरांतून होत असल्याने कारखान्यांचे नियम तेथवर पोहोचत नाहीत. माळेमागे थोडे पैसे जास्त पडले तरी चालतील, पण ते त्या यंत्राला जावेत, असे निदान माझे मत आहे.

आपल्या पुरवणीने खंभातला एक वार्ताहर धाडून यावर सविस्तर लिहावे, आणि घडियाळी पोळ व मांडवी परिसरातील सराफांना आपल्या स्तंभातून एवढी विनंती पोहोचवावी, की अकीकाच्या पावतीवर ‘तापवलेला’, ‘रंगवलेला’ किंवा ‘मूळ रंगाचा’ यांपैकी एक शब्द लिहून द्यावा. सोन्याच्या पावतीवर कॅरेट लिहितातच की.

आपली नम्र,
एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा