निळ्या वहीतलं पान

पुणे,
रविवार रात्र

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

जॅनसग्राफ या खुल्या ग्राफ डेटाबेसच्या डॉक्युमेंटेशनसाठी, म्हणजे तो कसा वापरायचा ते सांगणाऱ्या पानांसाठी, तू लिहिलेला मसुदा काल रात्री वाचला. आज सकाळी पुन्हा वाचला, या वेळी शेजारी जॅनसग्राफ चालू ठेवून. परवा फोनवर तू म्हणालीस, टीममधले सगळे सांगतात की कोड लिही, डॉक्युमेंटेशन काय कोणीही लिहील. तेव्हा मी काही बोलले नाही, कारण घाईत उत्तर द्यायचं नव्हतं.

तू कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतीस. मी आठवडाभर घरी उशिरा यायचे, आठवतंय? कर्जाच्या अर्जांमधली फसवणूक शोधायला आम्ही नुकताच ग्राफ डेटाबेस घेतला होता. अर्जदार हा एक व्हर्टेक्स म्हणजे बिंदू, त्याचा फोन नंबर दुसरा, मधे एज म्हणजे जोडणारी रेघ. एकाच नंबरावरून पाच अर्ज आले तर चटकन दिसावेत, एवढीच अपेक्षा. काही महिने छान चाललं आणि मग क्वेऱ्या, म्हणजे डेटाबेसला विचारलेले प्रश्न, अडकायला लागल्या. एका अर्जदाराचं उत्तर क्षणात यायचं, दुसऱ्याचं येतच नसे. आम्ही कॅसांड्राला, म्हणजे खाली डेटा साठवणाऱ्या डेटाबेसला, दोष दिला, मेमरी वाढवली, नेटवर्कवाल्यांशी भांडलो. चौथ्या दिवशी मी नुसतं मोजायला बसले, कोणत्या व्हर्टेक्सला किती एज आहेत ते. सगळ्यात वर होता ९९९९९९९९९९. अर्जदाराने फोन दिला नाही की रकाना रिकामा राहू नये म्हणून कोणीतरी दहा वेळा नऊ दाबत होतं. एकमेकांना न ओळखणारी हजारो माणसं त्या एका खोट्या नंबराला बांधली गेली होती.

उपाय दहा-बारा ओळींचा निघाला. तो मी माझ्या निळ्या वहीत लिहिला आणि वही कपाटात ठेवली. दोन वर्षांनी दुसऱ्या शहरातल्या एका मुलाचा रात्री अकराला फोन आला. तेच दुखणं. त्याचेही चार दिवस गेले होते, आणि त्याची बायको तेव्हा बाळंतपणासाठी दवाखान्यात होती. उत्तर माझ्याकडे होतं, पण ते माझ्या कपाटात होतं. ही टोचणी अजून गेलेली नाही. म्हणून तुझं हे काम मला कोडपेक्षा तसूभरही कमी वाटत नाही.

आता मसुद्याबद्दल. तू लिहिलंयस, ‘सुपरनोड टाळा’, म्हणजे बेसुमार एज असलेला व्हर्टेक्स टाळा. बरोबर आहे, पण का ते लिहिलेलं नाहीस. जॅनसग्राफ एका व्हर्टेक्सची सगळी एज त्याच्याजवळच, साठवणीतल्या एका रोमध्ये, म्हणजे ओळीत, ठेवतो. म्हणून त्या व्हर्टेक्सवरून पुढे जायचं तर त्या लांबलचक रोमधल्या त्या प्रकारच्या सगळ्या एज वाचाव्या लागतात. हे एक वाक्य घातलंस की वाचणाऱ्याला पुढचं स्वतःच सुचेल. त्यानंतर तू व्हर्टेक्स-सेंट्रिक इंडेक्स, म्हणजे एकेका व्हर्टेक्सच्या एजची क्रमवार सूची, हा उपाय दिलायस. तो अर्धाच खरा आहे. प्रकल्पासोबत येणारा रोमन पुराणकथांतल्या देवांचा छोटा ग्राफ घे, १२ व्हर्टेक्स आणि १७ एजचा. त्यात हर्क्युलीसच्या लढायांच्या एजवर वेळेनुसार असा इंडेक्स बांधलेला आहे. त्यामुळे ‘वेळ १ नंतरच्या लढाया’ विचारलं तर हायड्रा आणि सर्बेरस या प्राण्यांशी झालेल्या लढायांच्या तेवढ्या दोन एज मिळतात, बाकीच्या चाळाव्या लागत नाहीत. उदाहरण हेच दे, कारण ते प्रत्येकाला आपल्या मशीनवर चालवून पाहता येतं. पण माझ्या नऊ-नऊच्या नंबराला असा इंडेक्स काय करणार? तिथे तो व्हर्टेक्स बनूच द्यायचा नव्हता. खरा सुपरनोड आणि कचऱ्यातून झालेला सुपरनोड वेगळे, हे ठळक लिही.

‘आयडी ब्लॉक साइज (एका वेळी किती आयडी राखून ठेवायचे तो आकडा) १० लाख ठेवा’ असंही एक वाक्य आहे. कोणासाठी, मुक्ता? तो तुमच्या क्लस्टरचा, म्हणजे तुमच्या मशीनांच्या समूहाचा, आकडा आहे. मूळचा आकडा १०,००० असतो, आणि एका इन्स्टन्समधून, म्हणजे चालू असलेल्या एका जॅनसग्राफमधून, तासाला जितके नवे व्हर्टेक्स पडणार असतील साधारण तितका तो ठेवायचा, असा आडाखा आहे. तो आडाखा लिही, मग तुमचा आकडा उदाहरण म्हणून दे. आकडा सगळ्या इन्स्टन्सवर सारखाच हवा, हेही राहून गेलंय. आपल्या घरी आमटीत मीठ किती ते सांगताना आधी आमटी किती जणांची ते सांगतो ना, तसंच.

स्कीमा, म्हणजे डेटाचा आराखडा, आपोआप बनू देऊ नका, ती सेटिंग ‘नन’ करा, हे तू अगदी वर घेतलंस त्याचा फार आनंद झाला. एका अक्षराची चूक झाली तरी नवी प्रॉपर्टी, म्हणजे माहितीचा नवा रकाना, तयार होते आणि महिनोन्‌महिने कोणाला पत्ता लागत नाही. त्याच्या शेजारीच कमाल पार्टिशनची, म्हणजे डेटाचे जास्तीत जास्त किती भाग पाडायचे त्याची, सेटिंग ठेव. तिथे मूळचा आकडा ३२, तो २ च्या घातांकातलाच लागतो आणि ग्राफ एकदा सुरू झाला की बदलता येत नाही. मला वाटतं सगळ्या मसुद्याची मांडणीच अशी हवी: ज्यातून परत फिरता येत नाही ते आधी, बाकीचं सावकाश मागाहून. आत्ता तू विषयवार लावलंयस. पण वाचणारा माणूस पहिल्या दिवशी पहिलं पान वाचतो, आणि पुढची पानं काहीतरी मोडल्यावरच उघडतो.

सगळ्यात चांगला भाग नवा इंडेक्स ‘इन्स्टॉल्ड’ या अवस्थेवर अडकून बसतो त्याचा आहे. पुढे ‘रजिस्टर्ड’ व्हायला प्रत्येक इन्स्टन्सची पोच लागते, आणि एखादं इन्स्टन्स मेलेलं असलं किंवा कुठे ट्रान्झॅक्शन, म्हणजे डेटाबेसशी चाललेला व्यवहार, उघडं राहिलं असलं की पोच येत नाही, हे तू फार नेमकं लिहिलंयस. फक्त वाचलं तरी ट्रान्झॅक्शन उघडतं, ते बंद करा, ही ओळ वाचून मला माझे कितीतरी वाया गेलेले दिवस आठवले. तिथे एक भर घाल. मेलेलं इन्स्टन्स फोर्स-क्लोज, म्हणजे सक्तीने बंद, करायच्या आधी ते खरंच मेलंय ना, याची खात्री करा. आणि जुन्या प्रॉपर्टीवर इंडेक्स बांधला तर आधीच्या डेटासाठी रीइंडेक्स करावंच लागतं, म्हणजे तो डेटाही सूचीत घालावा लागतो, हे त्याच पानावर असू दे. पहिल्यांदा एवढंच पान पाठव. अकरा विभाग एकदम पाठवलेस तर तपासणारा माणूस उघडून बंद करील, त्यालाही त्याची नोकरी आहे.

तुझ्या ऑफिसच्या अनुभवातून लिहिते आहेस, तर वरिष्ठांची परवानगी घे आणि योगदानाचा करार कोणाच्या नावाने करायचा तेही विचार. कमिटवर, म्हणजे पाठवायच्या बदलावर, साइन-ऑफ म्हणजे तुझ्या नावाची ओळ विसरू नकोस. कोणत्या आवृत्तीवर आणि कोणत्या साठवणीवर तपासलंस ते लिही, कॅसांड्रावरचा अनुभव बर्कले डीबी या दुसऱ्या साठवणीला लागू होईलच असं नाही. इंग्रजीची भीती वाटते म्हणालीस. मीही मराठी शाळेतलीच. छोटी वाक्यं लिही, कर्ता-क्रियापद जवळ ठेव. जपानमधला किंवा ब्राझीलमधला वाचणाराही इंग्रजीत जन्मलेला नसतो.

हा प्रकल्प आधी टायटन नावाचा होता, माहीत आहे ना? तो बनवणारी कंपनी २०१५ मध्ये डेटास्टॅक्सने घेतली आणि टायटनचं काम थंडावलं. जानेवारी २०१७ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली, गूगल आणि आयबीएमसारख्यांच्या पाठिंब्याने, तोच कोड जॅनसग्राफ म्हणून पुन्हा उभा राहिला. अपाची हा मुक्त वापराचा परवाना असल्यामुळे कोड घेता आला. पण तो कसा वापरायचा हे आम्हाला कळलं ते टायटनच्या काळात लिहिलेल्या पानांमुळे. लिहिणारे कधीच दुसरीकडे गेले होते. मी त्यांना ओळखत नाही, आणि माझी कितीतरी वर्षांची नोकरी त्यांच्या पानांवर झाली.

निळ्या वहीतल्या चार पानांचे फोटो सोबत पाठवते आहे. नऊ-नऊचं पान तिसरं. ते जुन्या आवृत्तीवरचं आहे, म्हणून तसंच्या तसं उतरवू नकोस, स्वतः चालवून बघ. चालेल तेवढंच घे, नाहीतर मला कळव, मी इथे परत करून पाहते. जेवणाच्या वेळा सांभाळ.

तुझी,
आई