वकीलसाहेब गेले, त्यांच्या दप्तरांचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या महिन्यात आमचे सिनियर वकीलसाहेब वारले, वय ८७. १९६४ ला सनद घेतली तेव्हापासून २०१९ पर्यंत एकाच तालुका कोर्टात उभे राहिले. उच्च न्यायालयाचे न्यायाधीश ६२ ला रिटायर होतात, वकिलाला रिटायरमेंट नसते आणि पेन्शनही नसते, त्यामुळे पुकारा झाला की काठी टेकत उठायचे. मी ९ वर्षं त्यांच्याकडे ज्युनियर होतो.

सुरुवातीची त्यांची कामं बहुतेक कुळकायद्याची. १ एप्रिल १९५७ ला कृषकदिनी कसणारी कुळं कायद्याने मालक झाली खरी, पण त्या कायद्याच्या कलम ३२ ग खाली जमिनीची किंमत ठरवणं, ती भरणं, मग कलम ३२ म चं मालकीचं प्रमाणपत्र, यात कित्येकांची आयुष्यं गेली. साहेबांना मोडी वाचता यायची म्हणून जुनी खरेदीखतं, गहाणखतं घेऊन शेजारच्या तालुक्यातून पण लोक यायचे. मग वाटणीचे दावे, बांधाची भांडणं, मनाई हुकूम. एक गोष्ट मी कायम बघितली, बहिणीला हक्कसोडपत्रावर सही करायला भाऊ घेऊन आला की साहेब भावाला बाहेर बसवायचे आणि तिला एकटीला समजावून सांगायचे की बाई, तुझा हिस्सा आहे, सोडायचा का नाही ते तू ठरव. महाराष्ट्रात १९९४ ला आणि देशभर २००५ ला मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क मिळाला, पण साहेब त्याच्याही आधीपासून, १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने जेवढा काय हिस्सा येत होता तेवढा तरी सांगायचेच. यात त्यांची कितीतरी कामं हातची गेली, भाऊ उठून दुसऱ्या वकिलाकडे जायचे.

आता मुद्द्याचं. त्यांची मुलं परगावी असतात, ऑफिसची खोली रिकामी करायची म्हणून लाल कापडात बांधलेली सगळी दप्तरं रद्दीत निघाली होती. मला कळलं म्हणून मी थांबवली. त्यात काय नाही, मूळ खरेदीखतं, वाटणीपत्रं, हुकूमनाम्याच्या नक्कला, जुने सातबारे! निकाल लागला की पक्षकार मूळ कागद परत न्यायचं विसरतात, आणि कोर्टातलं रेकॉर्ड पण सगळं कायम ठेवत नाहीत, मुदत संपली की बरेच कागद नष्ट करतात. म्हणजे एखाद्या घराचा एकुलता एक पुरावा वकिलाच्या माळ्यावर पडलेला असू शकतो.

माझी सगळ्या तालुका वकील संघांना हात जोडून विनंती आहे की सभासद वकील वारले की घरच्यांशी बोलून दप्तरांची यादी करा आणि मूळ कागद ज्याचे त्याला सही घेऊन परत द्या. ते कुणालाही चाळायला देऊ नका, पक्षकाराने वकिलाला विश्वासाने सांगितलेलं काम संपल्यावरही गुप्तच ठेवायचं असतं, कायदाच आहे तसा. घरच्यांना यातलं काही माहीत नसतं, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

मी आतापर्यंत ११ घरांचे कागद पोचते केले. एका घरी आजोबांचं ३२ म चं प्रमाणपत्र निघालं, त्यासाठी ते लोक ३ वर्षं तहसीलला खेटे घालत होते. म्हातारी आजी ते कागद पदरात धरून बराच वेळ बसून राहिली. अजून ४० च्या वर दप्तरं उघडायची आहेत.

आपला,
एक तालुका वकील