ब्रोकरचा फोन कोण उचलणार?

संपादक साहेब,
सव्वानऊला शेअर बाजार उघडला रे उघडला की आमच्या ब्रोकरचं अ‍ॅप गोल गोल फिरत बसतंय, ऑर्डर लागली का रिजेक्ट झाली तेबी कळत नाही आणि मदतीला कोण तर चॅटबॉट, तो विचारतोय 'तुमची अडचण सुटली का?' आता काय बोलायचं! ब्रोकरची सिस्टीम बंद पडली तर पोझिशन, म्हणजे चालू सौदे, मिटवायला एक्स्चेंजची (शेअर बाजाराचीच) 'इरा' सोय २०२३ पासून आहे, पण ती सगळं ठप्प झालं तरच, नुसतं हँग होणाऱ्याचं काय? बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या 'स्कोअर्स' या तक्रारीच्या पोर्टलवर तक्रार टाकली तर २१ दिवसांत उत्तर मिळतं म्हणे, स्क्रीनशॉट तेवढे जपून ठेवा. ब्रोकर साहेब, ब्रोकरेज म्हणजे तुमची दलाली वेळेवर कापताय, मग बाजाराच्या वेळात फोन उचलणारा एक माणूस तरी ठेवा की राव.
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर