मायक्रोस्कोप रूममधल्या सरांना

आदरणीय सर,

शोधनिबंध छापून आला की तुमच्या वाट्याला शेवटच्या आभारांतली एक ओळ येते. माझं तेवढ्याने भागणार नाही, म्हणून हे पत्र.

मेदाचा थेंब म्हणजे पेशीतलं गोदाम, चरबी टाका आणि विसरा, असंच आमच्यातले बहुतेक जण धरून चालतात. तुम्ही सुरुवात केलीत ती त्याच्या आवरणापासून. हा थेंब आंतर्द्रव्यजालिकेच्या, म्हणजे पेशीतल्या पटलांच्या जाळ्याच्या, पटलाच्या दोन पदरांमध्ये फुगतो आणि निघताना एकच पदर अंगावर घेतो. पटल असलेल्या बाकी अंगकांसारखं दोन पदरांचं आवरण त्याला नसतं. थेंब जिथे जालिकेतून फुगतो, तिथे सायपिन हे प्रथिन लागतं. ते जन्मतः सदोष असेल तर माणसाच्या अंगावर चरबी जवळजवळ धरतच नाही आणि मेद यकृतात जाऊन बसतो. बारीक असणं म्हणजे निरोगी असणं, हे समीकरण इथे साफ कोलमडतं.

मग तुमच्या त्या सूचना. पेशी स्थिर करायला मिथेनॉलला हात लावू नकोस, थेंब धुऊन जातील. पटलाला छिद्रं पाडायला ट्रायटनऐवजी सॅपोनिन घे. प्रोटोकॉलच्या कागदावर हे कुणी लिहून ठेवत नाही!

पण खरे आभार त्या उपाशी पेशींबद्दल. अमिनो आम्लं काढून घेतलेल्या द्रावणात पेशी ठेवल्या आणि रंजकाने हिरवे दिसणारे मेदाचे थेंब कमी होण्याऐवजी वाढत गेले. रंजकाचा दोष म्हणून तो प्रयोग बाद करणं सोपं होतं. तुम्ही खुर्ची ओढून बसलात आणि समजावलंत: उपासमारीत पेशी स्वतःचीच पटलं लयकारिकेत, म्हणजे तिच्या पचनाच्या पिशवीत, मोडते. त्यातून सुटलेली मेदाम्लं मोकळी राहिली तर ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकांनाच बाधतात, म्हणून डीजीएटी१ हे विकर त्यांचं ट्रायग्लिसराइड, म्हणजे साठवणीची चरबी, करून थेंबात ठेवतं. २००४मध्ये ओळखलं गेलेलं एटीजीएल हे विकर ती मेदाम्लं पुन्हा सुटी करायला सुरुवात करतं, लागतील तशी. झूम केल्यावर लाल रंगवलेल्या तंतुकणिका थेंबांना अगदी खेटून दिसल्या. पेरिलिपिन ५सारखी प्रथिनं दोघांना जवळ धरून ठेवतात, हे मी वाचलं होतं. पडद्यावर ते पाहणं वेगळंच.

आता पेरॉक्सिझोम या पेशीतल्या आणखी एका अंगकाकडे वळायचंय, कारण फार लांब साखळीची मेदाम्लं आधी तिथे आखूड होतात. तिसरा रंग हिरव्यात मिसळू नये म्हणून कोणता घ्यावा, ते विचारायला येतेच आहे.

आपली विद्यार्थिनी