सईला पत्र: बर्गनच्या एर्नाबद्दल

लाडकी सई,

राजकारण आपल्यासारख्यांचं काम नाही असं तू म्हणालीस, आणि तेही नॉर्वेतल्या बर्गनमध्ये राहून, म्हणून मुद्दाम लिहायला बसलो. नॉर्वेची माजी पंतप्रधान एर्ना सोल्बर्ग तुझ्याच शहरातली. १९६१ चा जन्म, सोळाव्या वर्षी कळलं की डिस्लेक्सिया आहे म्हणजे वाचता-लिहिताना अक्षरं अडायची, तरी १९७९ मध्ये बर्गनच्या नगरपरिषदेत राखीव सदस्य म्हणून निवडून आली, वय अठरा! राखीव म्हणजे मुख्य सदस्य आला नाही की त्याच्या जागी जाऊन बसायचं. मला हीच गोष्ट सगळ्यात आवडते. मोठं पद नाही, फोटो नाही, पण बजेट कसं ठरतं, कोणाचा शब्द कुठे चालतो हे तिथेच शिकायला मिळतं आणि ते कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत.

मग १९८९ ला होयरे या उजव्या विचारांच्या पक्षाकडून थेट स्टोर्टिंगमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत. २००१ ते २००५ स्थानिक स्वराज्य खात्याची मंत्री, निर्वासितांचं खातंही तिच्याकडेच होतं आणि ती इतकी कडक वागली की लोक 'लोखंडी एर्ना' म्हणायला लागले. ते धोरण मला पटत नाही, तू स्वतः परक्या देशात राहतेस म्हणून तर अजिबातच नाही. पण पुढचं बघ ना, २००४ ला पक्षाध्यक्ष झाली आणि दुसऱ्याच वर्षी निवडणुकीत पक्ष १४ टक्के मतांवर आला. दुसरं कोणी असतं तर घरी बसलं असतं. ही आठ वर्षं विरोधात बसली, पक्ष पुन्हा बांधला, २०१३ ला जवळपास २७ टक्के मतं आणली आणि पंतप्रधान झाली. तेही सरळ नाही हं, १६९ जागांच्या सभागृहात तिचा आणि सरकारातल्या साथीदाराचा असे दोन पक्ष मिळून ७७ च, बहुमताला ८५ लागतात, म्हणजे प्रत्येक गोष्टीसाठी बाहेरच्या दोन लहान पक्षांना पटवायचं. अशी जुळवाजुळव करत आठ वर्षं सरकार चालवलं. नगरपरिषदेत माणसं जोडायची सवय लागलेली असणार, दुसरं काय.

नगरपालिकांचं विलीनीकरणही तिच्याच काळात, ४२८ च्या ३५६ झाल्या. काही गावांवर ते लादलं, ते चुकलंच असं मी म्हणेन. आणि २०२१ मध्ये साठाव्या वाढदिवसाला घरच्यांसोबत जमताना कोरोनाचे नियम मोडले म्हणून पोलिसांनी पंतप्रधानालाच २०,००० क्रोनर दंड केला, तिने भरला, माफी मागितली. पंतप्रधानाला पोलीस दंड करू शकतात हे वाचून मला त्या देशाबद्दल फार आदर वाटला बघ.

आता तुझं. तुझ्या सहकारी बाईंनी २०२७ च्या स्थानिक निवडणुकीसाठी पक्षाच्या उमेदवार यादीत तुझं नाव टाकू का विचारलंय, आणि परक्या नागरिकाला तिथे सलग तीन वर्षं राहिल्यावर स्थानिक निवडणुकीत मतही देता येतं आणि उभंही राहता येतं. पक्ष कुठला ते तुझं तू बघ, एर्नाचाच हवा असं माझं मुळीच म्हणणं नाही. नाव यादीत खाली असलं तरी चालेल, तिथे मतदार एकेका उमेदवारालाही वेगळं मत देतात. नगरपरिषदेच्या बैठका लोकांना खुल्या असतात, आधी एखादीला जाऊन मागे बस, भाषा कितपत कळते ते बघ आणि मग त्या बाईंना उत्तर दे. आईचंही हेच मत आहे.

तुझा बाबा