दादाला आत्ता स्टेजवर चढवू नकोस

नागपूर,
तान्हा पोळा

प्रिय दोस्ता,

तुझा रात्रीचा लांबलचक मेसेज वाचला. डिसेंबरात देशपांडे सभागृह घ्यायचं, कॉलेजातले सगळे पोट्टे गोळा करायचे, दादाला मधोमध गायला उभं करायचं आणि तिकिटांच्या पैशातून वकिलाची फी भागवायची. "एकदा हातात माइक आला की तो आपोआप सावरेल," असं तू लिहिलं आहेस. यामागची तुझी माया मला कळते. दादाला पोलिसांनी नेल्याचं कळल्यावर सगळ्यांत आधी पैसे पाठवलेस ते तूच. तरी मी याला नाही म्हणतो आहे. का, ते फोनवर सांगायला गेलो तर आपण दोघंही तापतो, म्हणून पत्र.

आधी दादाची खबर. जामीन झाला. त्याच्याजवळ सापडलेली एमडी, म्हणजे मेफेड्रोन नावाची नशेची पूड, दोन ग्रॅमच्या आतली होती, म्हणून कायद्याच्या भाषेत ती 'अल्प प्रमाण' ठरली. पन्नास ग्रॅमच्या पुढे असती तर आज हे पत्र मी वेगळ्याच सुरात लिहिलं असतं. वकील म्हणाले, एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात ६४-अ नावाचं कलम आहे. व्यसनी माणूस आपणहून सरकारमान्य केंद्रात उपचाराला गेला आणि उपचार पूर्ण केले, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात त्याच्यावर खटला चालत नाही. अर्धवट सोडून आला तर ही सवलत काढून घेता येते. दादाने सही केली. गेल्या आठवड्यापासून तो आत आहे. एवढं एक दार उघडं आहे त्याच्यासमोर, आणि तुझा कार्यक्रम नेमका त्या दाराच्या आड येतो.

आता स्कॉट वायलंड या अमेरिकन रॉक गायकाबद्दल लिहितो. दादाचं आणि त्याचं काय नातं होतं ते तुला सांगायला नको. सीताबर्डीवरून आणलेली ती कॅसेट आपण तिघांनी इतकी घासली की तिच्यातली टेप बाहेर यायची आणि दादा पेन्सिल घालून ती परत गुंडाळायचा. त्याच्या बँडचा, स्टोन टेंपल पायलट्सचा, पहिला अल्बम, 'कोअर', १९९२चा. आपल्यापर्यंत पोचेस्तोवर तिकडे त्याच्या लाखो प्रती खपल्या होत्या (अमेरिकेतला आकडा पुढे ऐंशी लाखांवर गेला) आणि त्यातल्या 'प्लश'ला १९९४चं ग्रॅमी मिळालेलं होतं. वायलंड स्टेजवर भोंगा तोंडाला लावून गातो, हे दादाने कुठल्याशा मासिकातल्या फोटोत पाहिलं. मग प्रचारात वापरतात तसला हातातला भोंगा भाड्याने आणला आणि गॅदरिंगला त्यातून गायला. पुढच्या रांगेतल्या सरांनी कान झाकले, मागची पोरं बाकांवर उभी राहिली. मी मागे ड्रमवर होतो आणि माझ्या काठीचा आवाज मलाच येत नव्हता. त्या रात्री कॉलेजात दादाइतका मोठा माणूस दुसरा कुणी नव्हता.

तिकडे वायलंडचं काय चाललं होतं, हे तेव्हा आपल्याला ठाऊक नव्हतं. मी ते पुढे तुकड्यातुकड्याने वाचत गेलो. समीक्षकांनी या बँडला पहिल्यापासून झोडपलं, दुसऱ्यांची नक्कल करतात म्हणून. 'रोलिंग स्टोन' मासिकाच्या १९९४च्या कौलात वाचकांनी त्यांना सर्वोत्तम नवा बँड निवडलं आणि समीक्षकांनी सर्वांत वाईट नवा बँड. त्याच वर्षी दुसरा अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर गेला. त्यातलं 'इंटरस्टेट लव्ह साँग' आपण फुटाळ्याच्या काठावर बसून गिटारवर वाजवायचो, आठवतं? आपल्याला ते प्रवासाचं गाणं वाटायचं. ते आहे खोटं बोलण्याबद्दल. रेकॉर्डिंगला दूर गेलेला वायलंड फोनवर आपल्या माणसाला सांगायचा, मी हेरॉइनला हात लावत नाही, आणि लावत असायचा. ते खोटं त्याने गाण्यात घातलं, गाणं लाखो लोकांनी डोक्यावर घेतलं आणि खोटं चालू राहिलं. हे कळल्यापासून मला ते गाणं आणखी आवडतं. पण ऐकताना पोटात कालवतं, कारण वहिनीला दादा फोनवर काय सांगायचा ते मी तिच्याकडूनच ऐकलं आहे.

मग कोर्टकचेऱ्या. १९९५ मध्ये पॅसडीनात क्रॅक कोकेनसह पकडला गेला. १९९६ मध्ये तिसरा अल्बम निघाला आणि दौरे रद्द झाले. बाकीच्या तिघांना जाहीर सांगावं लागलं, आमचा गायक व्यसनामुळे तालमीलाही उभा राहू शकत नाही. १९९८ मध्ये न्यूयॉर्कला हेरॉइन प्रकरणात अटक. १९९९ मध्ये प्रोबेशनच्या अटी मोडल्याबद्दल लॉस एंजेलिसला एक वर्षाची कैद, आणि त्याच ऑक्टोबरात बँडचा चौथा अल्बम दुकानांत. अल्बम बाजारात, गायक तुरुंगात.

आता पुढचं जरा थांबून वाच, कारण मला जे म्हणायचं आहे ते इथे आहे. काही महिन्यांनी सुटला, आणि २००० मध्ये लगेच दौऱ्यावर. २००३ मध्ये पुन्हा अटक झाली, तेव्हा तो नव्या बँडमध्ये, व्हेल्व्हेट रिव्हॉल्व्हरमध्ये होता. कोर्टाने उपचार केंद्रात राहायला लावलं होतं, तिथून ठरवून दिलेल्या वेळापुरतं बाहेर येऊन तो स्टुडिओत गायचा आणि परत जायचा. तो अल्बमही २००४ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. पुढच्या वर्षी पुन्हा ग्रॅमी. २००७ मध्ये धाकटा भाऊ मायकल वारला, तरी बँडचं चक्र फिरतच राहिलं. एप्रिल २००८ मध्ये त्या बँडने काढलं, मे महिन्यात जुन्या बँडबरोबर पुनर्मीलनाचा दौरा सुरू. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्या जुन्या बँडनेही काढलं, नंतर नावावरून आणि हक्कांवरून एकमेकांवर दावे ठोकले, आणि हा गडी मार्चमध्ये स्वतःची माणसं घेऊन पुन्हा रस्त्यावर. २०१५च्या मार्चअखेर त्याच्या नव्या बँडचा गिटारवादक जेरेमी ब्राऊन वारला, तेही अमली पदार्थांनीच. दुसऱ्याच दिवशी त्यांचा अल्बम बाजारात आला. दौरे सुरूच. ३ डिसेंबर २०१५ रोजी मिनेसोटातल्या ब्लूमिंग्टन गावी, दौऱ्याच्या बसमध्ये, तो मेलेला सापडला. वय ४८. शरीरात कोकेन, दारू आणि एमडीए नावाचा आणखी एक अमली पदार्थ.

या पंधरा वर्षांत प्रत्येक वेळी कुणीतरी तेच म्हटलं असणार जे तू काल लिहिलंस. माइक हातात आला की सावरेल. आणि तसं म्हणणाऱ्यांचं त्याच्यावर प्रेमही असणार. पण माइकबरोबर दौरा येतो, दौऱ्याबरोबर रात्री येतात, रात्रीबरोबर तीच माणसं येतात. हॉल बुक झाला, पोस्टर छापलं, तिकिटं विकली गेली की दादाला "आज माझ्याने होत नाही" असं म्हणायची सोय उरत नाही. आणि व्यसनातून उठणाऱ्या माणसाला सगळ्यांत जास्त गरज असते ती याच वाक्याची.

तू म्हणशील, काही जण सावरतातही. सावरतात. हॉलिवूडचा नट रॉबर्ट डाउनी ज्युनियर घे. त्यालाही १९९९ मध्येच, कॅलिफोर्नियातच, तीन वर्षांची शिक्षा झाली होती. वर्षभराने सुटला, लगेच टीव्ही मालिकेत काम मिळालं, लोकांनी डोक्यावर घेतलं, जानेवारी २००१ मध्ये गोल्डन ग्लोब मिळालं. आणि एप्रिलमध्ये पुन्हा अटक. मालिका गेली. त्याच वर्षी कोर्टाने तुरुंगाऐवजी एक वर्ष निवासी उपचार लावले. त्यामुळेच तो सुटला असं मी छातीठोक म्हणणार नाही. या गोष्टी इतक्या सरळ नसतात. पण पुरस्कार हातात असताना तो पडला, एवढं तर दिसतं. टाळ्यांनी त्याला धरून ठेवलं नाही.

आज इतवारीतून मारबतींची मिरवणूक पाहून आलो. नेहरू पुतळ्याजवळ काळी आणि पिवळी मारबत, त्या दोन मोठ्या बाहुल्या, समोरासमोर आल्या तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती. लहान पोरंसुद्धा बेंबीच्या देठापासून ओरडत होती, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" बडग्यांमध्ये, म्हणजे मिरवणुकीतल्या पुरुषी पुतळ्यांमध्ये, यंदा एक अमली पदार्थांचाही होता, हातात सिरिंज दिलेला. ती प्रथा मला लहानपणापासून प्रिय आहे, गावाबाहेर नेऊन जाळायचं ते दुखणं असतं, माणूस नसतो. पण दादाच्या गल्लीत गेल्या महिन्यात जे चाललं ते पाहिलं तर लोकांनी त्याचाच बडग्या केला आहे. अटकेचा व्हिडिओ कुणीतरी काढला, तोंडावर रुमाल धरलेला दादा, आणि तो व्हिडिओ त्याच्या पोरीच्या वर्गातल्या मुलांपर्यंत गेला. वायलंडच्या शेवटच्या वर्षातही असंच झालं होतं. एका कार्यक्रमात तो अडखळत, तालाच्या मागे राहून गातोय असा व्हिडिओ जगभर फिरला. मी तो पाहिला आहे. एकेकाळी सापासारखा लवलवणारा माणूस माइकच्या स्टँडचा आधार घेऊन उभा होता आणि खाली लोक हसण्याच्या खुणा टाकत होते. आठ महिन्यांत तो गेला, मग त्याच लोकांनी मेणबत्त्यांची चित्रं टाकली. आपल्या हॉलमध्ये दादाचा सूर फाटला तर मोबाइल वर होणार नाहीत याची हमी तू देशील?

वायलंड गेल्यावर त्याच्या दोन मुलांच्या आईने, मेरी फोर्सबर्गने, मुलांसह एक पत्र प्रसिद्ध केलं होतं. जमल्यास शोधून वाच. ती म्हणते, ३ डिसेंबर हा जगाने शोक करायचा दिवस, आमच्यासाठी तो त्याआधीच हरवला होता. या मृत्यूला रॉकच्या झगमगाटात गुंडाळू नका. त्याच्या जन्ममृत्यूची सालं छापलेला टी-शर्ट घेण्यापेक्षा त्या पैशात एखाद्या मुलाला खेळ बघायला न्या, आइसक्रीम खायला घाला. मी ते पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा चाहता म्हणून जरा दुखावलो होतो, इतका थोर गायक आणि घरचीच माणसं असं लिहितात. आता वहिनीला रोज पाहतो आणि त्यातला शब्द न् शब्द पटतो. चाहत्याला गायक हवा असतो. पोरीला शाळेच्या फाटकाशी वेळेवर येणारा बाप हवा असतो.

रविवारी केंद्रात गेलो होतो. नातेवाइकांना एक तास मिळतो. दादाचं वजन इतकं उतरलं आहे की घड्याळ मनगटावरून कोपरापर्यंत घसरतं. झोप लागत नाही म्हणाला. एमडीवर असं एखादं औषध नाही की गोळी दिली आणि ओढ संपली. झोप, जेवण, बोलणं, दिवसाचा साचा, असंच एकेक करून माणूस परत बांधावा लागतो, डॉक्टरांनी आम्हाला तेच सांगितलं. वहिनीने डब्यात वडाभात नेला होता. मी मूर्खासारखा विषय काढायला नको म्हणून गप्प होतो, तर दादाच म्हणाला, "बाहेर आलो की बसू बे एकदा, वाजवू." मी काही बोलायच्या आत वहिनी म्हणाली, "भाऊजी, गाण्याचं नंतर पाहू. आधी त्यांना दोन वेळ जेवू द्या." दादाने मान खाली घातली आणि भातावर तेल ओतून घेतलं. जेवला सगळं.

म्हणून सांगतो, सभागृहाची आगाऊ रक्कम भरू नकोस. भरली असशील तर उद्याच परत माग. वकिलाची फी आपण चौघं वाटून घेऊ, तेवढी आपली ऐपत आहे, त्यासाठी दादाला उभं करून तिकिटं विकायची गरज नाही. जुन्या ग्रुपवर तू काही टाकलं नसशील अशी आशा आहे. टाकलं असशील तर खोड. पोरीची सहामाहीची फी थकली आहे, ती तू भर आणि वहिनीला न विचारता थेट शाळेत भर, विचारलंस तर ती नको म्हणेल. आणि तुझ्या ऑफिसातल्या त्या मुलाबद्दल तू मागे बोलला होतास, त्याच्या घरच्यांना १४४४६ हा नंबर दे, सरकारी व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे, पैसे लागत नाहीत.

केंद्रात या महिन्याच्या शेवटच्या रविवारी घरच्यांची बैठक आहे. समुपदेशक मॅडम म्हणाल्या, भावासारखे मित्र असतील तर त्यांनाही आणा. शुक्रवारची विदर्भ एक्सप्रेस पकडलीस तर शनिवारी सकाळी इथे असशील, दोन दिवस हाताशी राहतील. मी स्टेशनवर येतो. गिटार आणू नकोस. तिकीट काढलं की कळव, मॅडमना तुझं नाव आधी द्यावं लागतं.

तुझाच,
ड्रमवाला