ओंकारच्या लायसन्सबद्दल, मेलबर्नहून

ती. दादा आणि सौ. वहिनींस,
सा. न.

ओंकारचं शिकाऊ लायसन्स निघालं, महिनाभरात पक्कं काढून मित्रांना घेऊन महाबळेश्वरला जाणार, असं त्यानेच फोनवर सांगितलं. कौतुक आहेच. पण दादा, एवढ्यात त्याच्या हातात किल्ली देऊ नकोस.

इथे ईशाला सोळाव्या वर्षी लर्नर परमिट मिळालं. गाडीला पुढेमागे पिवळी पाटी, त्यावर काळा एल. अठरा पूर्ण झाल्याशिवाय मात्र लायसन्स नाही. एकवीसच्या आतल्या मुलांना परीक्षेआधी १२० तास गाडी चालवल्याची नोंद दाखवावी लागते, त्यातले २० रात्रीचे. शेजारी पक्क्या लायसन्सचा माणूस हवाच. एवढे तास क्लास लावायचा म्हटलं तर दिवाळं निघेल, म्हणून शेवटी आईबापच बसतात.

वहीत दर फेरीची वेळ, किलोमीटर, पाऊस होता का, रहदारी किती, सगळं लिहायचं आणि खाली आपली सही. सुरुवात रिकाम्या पार्किंगमध्ये, मग गल्ल्या, मग फ्रीवे. शहरात तर काही चौकांत ट्राममुळे उजवीकडे वळायला डाव्या कडेने पुढे जाऊन चौकातच थांबतात आणि आडव्या रस्त्याचा सिग्नल हिरवा झाला की वळतात. मागून ट्रामची घंटा वाजते, ईशा विचारते, "आई, आता?" आणि मी शक्य तितक्या शांतपणे म्हणते, "थांब." आतून काय होतं ते माझं मला माहीत!

लायसन्स मिळालं तरी पहिलं वर्षभर गाडीवर लाल पी, म्हणजे नवख्या चालकाची पाटी. तेव्हा सोळा ते एकवीस वयाचा एकच मित्र गाडीत बसवता येतो, भावंडं चालतात. दारूचा थेंब नाही, फोन हँड्सफ्रीसुद्धा नाही. पुढे तीन वर्षं हिरवा पी. मला यातला मित्रांचा नियम सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. गाडीत चार पोरं बसली की चालवणाऱ्याच्या अंगात येतं, हे आपण वाईत काय कमी पाहिलंय?

आपल्याकडे ३० दिवसांनी टेस्ट देता येते. आरटीओत आठ काढला, रिव्हर्स जमला, म्हणजे पसरणी घाट जमला असं होत नाही. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं, ते पुरते वापरा. पावसात, अंधारात, समोरचा अप्पर मारत येतोय अशा वेळी कुणीतरी शेजारी बसून त्याला चालवू दे. कायदा विचारत नसला तरी एक वही घाल. आणि राग मानू नकोस, पण शेजारी वहिनींना बसव. तू पहिल्याच वळणावर ओरडशील.

बाबांच्या मोतीबिंदूची तारीख ठरली की लगेच कळवा.

तुझी,
सुमा